वेर्दों नदीची घळई पाहायची आहे, जवळच्या कोणत्या खेड्यात राहावं?

भूगोलबाई_प्रतापनगर :

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये मार्सेलला असते. जूनच्या शेवटी आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे जातो आहोत. माझं वय 62, ह्यांचं 66. ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय. चालतात व्यवस्थित, उतारावर मात्र जपावं लागतं.

मला पॅरिसची फारशी ओढ नाही. मला वेर्दों नदीची घळई पाहायची आहे. "नदीचे कार्य" हा पाठ मी दरवर्षी शिकवला. फळ्यावर आधी व्ही आकाराची दरी काढायची, शेजारी उभ्या भिंतींची घळई, आणि मुलांनी विचारायचं, "बाई, दोन्हीत फरक काय?" रांजणखळगे दाखवायला एकदा मुलांना कुकडीच्या पात्रात, निघोजला नेलं होतं. धबधबा चिखलदऱ्याला दाखवला. चुनखडीच्या प्रदेशातली खरी घळई मात्र मी स्वतःच पाहिलेली नाही. जे आपण पाहिलं नाही ते इतकी वर्षं शिकवलं, ही रुखरुख मनात आहे आणि ती मला घालवायची आहे.

इथल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, नीसहून अर्ध्या दिवसात होतं, दोन पॉइंट, फोटो, जेवण, परत. वर "तिथं खेड्यात काही नाही हो मॅडम" असंही सांगितलं. पण मुलीच्या ऑफिसातले लोक म्हणतात की घळईच्या काठावर लहान लहान डोंगरी गावं आहेत आणि तिथंच राहावं. तिला स्वतःला तिकडं जायला अजून वेळ मिळालेला नाही.

तर कोणत्या गावात राहावं? गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला नदीपर्यंत उतरता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. आणि मुलीला रजा फक्त तीन दिवस आहे, गाडी तीच चालवणार.

इतवारीची_शुभदा :

काकू, मुस्तिएला राहा, मुस्तिए-सँत-मारी. आम्ही तिथं एक रात्र होतो. दोन सुळक्यांच्या मधे वसलेलं गाव, मधून झरा वाहतो, आणि त्या दोन सुळक्यांना बांधलेल्या साखळीला उंचावर एक सोनेरी तारा टांगलेला आहे. चिनी मातीसारख्या रंगवलेल्या भांड्यांसाठी हे गाव सतराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. हॉटेलं, दुकानं भरपूर, खायची अडचण येत नाही. शिवाय वालांसोलचं लव्हेंडरचं पठार तिथून जवळ. जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत ते फुललेलं असतं, तुमची वेळ अगदी बरोबर आहे. घळईला गाडीनं जाऊन या.

कुहीचा_नातू :

बाई, शिक्षिका आहात म्हणून बाईच म्हणतो. उत्तर लांब होणार आहे, कारण ह्या जागेवर माझा जीव आहे.

मुस्तिए देखणं गाव आहे, शुभदाताईंचं खोटं नाही. पण ते घळईच्या पलीकडच्या तोंडाला आहे. नदी कड्यांतून सुटून तलावाला मिळते, त्या बाजूला. गावात बसून घळई दिसत नाही, आणि दिवसभर बसगाड्यांची गर्दी असते. तुम्हाला घळई पाहायची आहे तर ला पालू-सुर-वेर्दोंला राहा. तीनशे-साडेतीनशे वस्तीचं गाव, एक जुन्या दगडी घंटाघराचं चर्च, चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेला एक वाडा, त्यात घळईची माहिती देणारं छोटं संग्रहालय, एक बेकरी, दोन-चार कॅफे. संपलं गाव. पूर्वेला थोडं पुढं रूगों आहे, ते याहून लहान, शंभरेक माणसांचं. वर पडक्या किल्ल्याचे दगड, खाली घरं. दोन्ही गावं साडेनऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून थोडी खाली. नागपुरात नवतपा सोसून तुम्ही तिथं पोचाल तेव्हा रात्री गोधडी लागेल. स्वेटर ठेवा.

मी दोन वर्षं मार्सेलजवळच्या एक्स-आँ-प्रोव्हाँसला नोकरीला होतो. एका जूनमध्ये आई आली. माझी आई कुही तालुक्यातली, दहावीपर्यंत शिकलेली, त्याआधी महाराष्ट्राबाहेर फक्त तिरुपतीला गेलेली. तिला पॅरिस दाखवून आणलं, तिनं पाहिलं, पण रमली नाही. मग ला पालूला एक घर घेतलं पाच रात्रींसाठी. अशा घरांना तिकडं 'जीत' म्हणतात. स्वयंपाकघर आपलं, त्यामुळं खायचा प्रश्न मिटतो. तुम्हीही हॉटेल न घेता जीतच घ्या. दुसऱ्याच दिवसापासून आई सकाळी एकटी बेकरीत जायला लागली. तिथं दुकानात शिरताना आधी "बोंजूर" म्हणायचं असतं, न म्हणता मागणी केली तर लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं. आई दारातूनच सगळ्या रांगेला बोंजूर म्हणायची आणि रांगेतले सगळे तिला परत म्हणायचे. रांगेत निम्मी पोरं खांद्यावर दोरखंडांची वेटोळी घेतलेली असायची. साठच्या दशकाच्या शेवटापासून जगभरचे गिर्यारोहक ह्या गावात येऊन राहतात.

गावातून 'रूत दे क्रेत' नावाचा चोवीसेक किलोमीटरचा वळसा निघतो आणि परत गावातच येतो. तो पहिल्याच दिवशी करा. त्याचा काही भाग एकेरी आहे, म्हणून मुलीला सांगा की गावाच्या पूर्वेकडच्या फाट्यानंच वर चढायचं, दुसऱ्या बाजूनं गेलात तर अर्ध्यातून परत यावं लागेल. काठाकाठानं कठडे बांधलेले सज्जे आहेत. घळई सगळी मिळून पंचवीस किलोमीटरच्या आसपास लांब आणि सगळ्यात खोल जागी सातशे मीटर. आकडा वाचला तर काही वाटत नाही. पण आम्ही एका सज्ज्यावर उभे होतो आणि कठड्याच्या पलीकडून, खालून, एक हात वर आला. पांढऱ्या भुकटीनं माखलेला. मग दुसरा. मग एक विशीतली पोरगी कठडा ओलांडून आमच्या पुढ्यात उतरली. तिथले लोक आधी वरून दोरानं खाली उतरतात आणि मग कडा चढत वर येतात, कारण रस्ता वर आहे. मला ते माहीत होतं, आईला नव्हतं. आईनं तोंडातून आवाज काढला नाही, पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "पी बाई. तुही माय कुठी हाय?" पोरीला काय समजलं कोण जाणे, पण ती आईजवळ खाली बसली आणि सगळं पाणी प्यायली.

आता गुडघा. खालून जाणारी जी नावाजलेली पायवाट आहे, शाले द ला मालीन ते प्वँ सुब्लीम, ती चौदा-पंधरा किलोमीटरची आहे. सहा-सात तास लागतात. मधे ब्रेश अँबेर नावाच्या जागी 252 पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे, वाटेत पिण्याचं पाणी नाही, आणि एकदा उतरलं की मधून बाहेर पडायला वाट नाही. काकांनी ती करू नये. तुम्हीही मुलीला घेऊन "बघू जमतंय का" म्हणून उतरू नका. पण त्याच वाटेचं शेवटचं टोक तुम्हाला दोघांना जमेल. प्वँ सुब्लीमच्या खाली एक फाटा नदीकडं उतरतो, कुल्वार सांसों म्हणतात. गाडी बरीच खाली जाते. तिथून काही पायऱ्या, एक छोटा पूल, आणि समोर बोगदा. सकाळी लवकर जा, गाडी लावायला जागा फार थोडी आहे. बाऊचा बोगदा साडेसहाशे मीटरहून लांब आहे, आत मिट्ट काळोख, पायाखाली डबकी, आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेसाठी नदी वळवायची योजना होती, त्यासाठी हे बोगदे खोदले, योजना अर्धवट राहिली आणि पायवाटेला बोगदे मिळाले. काकांनी बोगद्यात नाही गेलं तरी चालेल. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिलं तरी नदी पायाशी आणि दोन्ही भिंती डोक्यावर.

आणि बाई, तुम्हाला हे मुद्दाम सांगायचं होतं. 1905 च्या ऑगस्टमध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल ह्या गुहासंशोधकाची तुकडी ह्या घळईतून पार गेली. पाण्याचा अभ्यास करण्यासाठी सरकारनं त्याला पाठवलं होतं. होड्या फुटत, भिजत, घळईतच मुक्काम करत त्यांनी ती पार केली. त्या तुकडीत इझिदोर ब्लाँ होता. तो कोण, तर रूगोंच्या शाळेचा मास्तर. खेड्यातला शाळामास्तर. त्या पायवाटेला लोक मार्तेलची वाट म्हणतात, पण तिचं पूर्ण नाव ब्लाँ-मार्तेल आहे, मास्तरचं नाव आधी. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मास्तरलेच ठाऊक राहते गावाची नदी."

पाण्याजवळ जाताना एक लक्षात ठेवा. वरच्या अंगाला कास्तियों आणि शोदान अशी दोन धरणं आहेत. वीज करण्यासाठी पाणी सोडलं की घळईत पातळी बघता बघता चढते, आभाळ स्वच्छ असलं तरी. जागोजागी पाट्या लावल्या आहेत. भोंग्याच्या भरवशावर राहू नका. दगडावर बसून पाय पाण्यात सोडायला हरकत नाही, पण पात्र ओलांडून पलीकडच्या वाळूवर जायचं नाही. आपल्या पेंच नदीत उन्हाळ्यात पोरं पलीकडं जाऊन अडकतात नं, तसंच.

तलाव शेवटच्या दिवशी ठेवा. घळई संपते तिथं सँत-क्रुआचा तलाव लागतो, हिरवट निळा, बावीसेक चौरस किलोमीटर. हा धरणाचा तलाव आहे, 1973-74 च्या सुमारास भरला. त्याच्या पोटात ले साल-सुर-वेर्दों नावाचं गाव होतं. पाणी भरायच्या आधी गाव पाडलं आणि त्याच नावाचं नवं गाव काठावर उंचावर बांधलं. आज तिथं पोहायला, होड्या चालवायला लोक येतात. मी आईला होडी दाखवायला नेलं होतं, गावाचं बोलता बोलता सांगून गेलो.

माझं आजोळ गोसेखुर्दच्या बुडितात गेलं. 1988 ला भूमिपूजन झालं तेव्हा आईचं लग्न झालेलं होतं, आणि गाव प्रत्यक्ष उठेपर्यंत मी कॉलेजात पोचलो होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून जोती दिसतात. आई काठावर उभी राहिली, चपला काढल्या आणि मला म्हणाली, "यायनं देऊळ कुठी नेलं?" मी म्हटलं, नवीन गावात चर्च बांधलं. "जुनं देऊळ म्हंतो मी." मी म्हटलं, पाण्यात. मग तिनं ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, जसं आजोळी वैनगंगेचं लावायची. नंतर आम्ही नव्या गावात चक्कर मारली. एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते, आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आईनं तलावाकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग हाताची पाच बोटं पसरून "इतकी घरं" असं काहीसं दाखवलं. मी फ्रेंचमध्ये सांगायला पुढं झालो तर त्या आजोबांनी हातानंच मला थांब म्हटलं. त्यांना समजलं होतं. ते उठले आणि आम्हाला बरोबर नेऊन काठावरची एक जागा दाखवली, जिथून खाली कुठल्या दिशेला त्यांचं घर होतं ते सांगता येतं.

तुम्ही तिथं जाच असं म्हणत नाही. पण "खेड्यात काही नाही" असं त्या ट्रॅव्हलवाल्यानं म्हटलं, म्हणून लिहिलं.

खाण्याचं थोडक्यात. ऑलिव्हची 'तापेनाद' चटणी शाकाहारी वाटते पण तिच्यात बहुतेक वेळा बारीक मासे वाटलेले असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. चीज प्राण्यांच्या रेनेटचं (दूध थिजवायला वासराच्या जठरातून काढतात त्याचं) असू शकतं, चालत नसेल तर वेष्टन वाचा. भाजीवाल्याकडं टोमॅटो, वांगी, दोडक्यासारखी कूर्जेत, तुळशीसारखा बाझिलिक सगळं मिळतं. पाव चांगलाच असतो. जेवणाची वेळ बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. नळाचं पाणी मागितलं तर फुकट देतात, "युन काराफ द'ओ" म्हणायचं.

गोरेवाडा_पक्षी :

कुहीकर, तुम्ही गिधाडांचं लिहायचं विसरलात!

बाई, रूगोंच्या वर सकाळी दहा-अकरानंतर मान वर करून उभ्या राहा. 1999 पासून तिथं ग्रिफॉन गिधाडं परत सोडली. त्या भागातून ती पूर्ण नाहीशी झाली होती. आज कड्यांवर त्यांची घरटी आहेत. पंख पसरले की अडीच मीटरच्या वर. त्याआधी दिसत नाहीत, कारण कडा तापून हवा वर चढायला लागते तेव्हाच ती निघतात. पंख न हलवता, नुसती तरंगत. तुम्ही काठावर असाल तर ती तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या खालून जातात, म्हणजे गिधाडाची पाठ दिसते. आकाशातल्या गिधाडाची पाठ मी आयुष्यात दुसरीकडं पाहिलेली नाही.

मी हे इतक्या ओढीनं लिहितोय कारण आपल्याकडं लहानपणी नागपूरच्या बाहेर मेलेल्या जनावरावर शंभर-शंभर गिधाडं उतरायची. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकनं ती संपली. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणली आहेत. पेंचमध्ये ती जमतील की नाही हे मी रोज मनात धरून असतो. रूगोंला ती जमलेली पाहून आलो आहे. दुर्बीण न्या.

भूगोलबाई_प्रतापनगर :

काय लिहू. कुहीचा_नातू, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ह्यांना वाचून दाखवलं, तलावाच्या भागाशी मला थांबावं लागलं.

इझिदोर ब्लाँ हे नाव मला माहीत नव्हतं. मार्तेलचं होतं.

मुलीशी बोलले. ला पालूला तीन रात्रींची जीत घेतली. लव्हेंडर येता-जाता बघू. शुभदा, मुस्तिएला आम्ही जेवायला थांबू, तारा नक्की पाहू.

आता दोन प्रश्न उरले. एक, घरमालकीण बाईंसाठी संत्रा बर्फी नेणार आहे, ती किती दिवस टिकेल? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माझ्या जागी आता जी मुलगी शिकवते ती माझीच विद्यार्थिनी. तिला वर्गात लावायला एक फोटो हवा आहे. वरून काढलेले फोटो सगळीकडं मिळतात, पण त्यात नदी नुसती हिरवी रेघ दिसते. मला असा फोटो हवा की फळ्यावरच्या आकृतीसारखा छेद दिसला पाहिजे. डावीकडं भिंत, उजवीकडं भिंत, तळाला पाणी. तशी जागा आहे का?

कुहीचा_नातू :

बाई, बर्फी नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तूपही नाही. संत्रीही तशी नेता येत नाहीत. पोह्यांचा चिवडा न्या, आईनं तोच दिला होता, तिखट कमी करून.

फोटोची जागा आहे, आणि अगदी तुम्ही म्हणता तशी. प्वँ सुब्लीमला गाडी लावून दहा मिनिटं सपाट खडकांवरून चाललं की टोकाचा सज्जा येतो. तिथून समोर घळईचं तोंड दिसतं, नदी दोन भिंतींमधल्या फटीत शिरताना. सकाळी नऊच्या आत जा. सूर्य तुमच्या पाठीशी असेल आणि दोन्ही भिंती उजेडात. दुपारनंतर तोच फोटो काळा येतो. दुसरा फोटो खाली, बोगद्याच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीवरून. तिथं काकांना भिंतीजवळ उभं करा, मुलांना उंची समजेल. आणि टॉर्च हातातली घेऊ नका, कपाळाला बांधायची घ्या. सीताबर्डीत मिळते. पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात.